मॅन्युअलसाठी व्हर्जन कंट्रोल निवडताना: आधी फायली पाहा, मग सॉफ्टवेअर

युजर मॅन्युअल, इन्स्टॉलेशन गाइड, एपीआयचं दस्तऐवजीकरण, रिलीज नोट्स असं लेखन करणारा गट दोन-तीन माणसांच्या पुढे गेला, की शेअर्ड फोल्डर अपुरा पडू लागतो. हा परिच्छेद कोणी बदलला, का बदलला, आणि मागच्या रिलीजबरोबर ग्राहकाच्या हातात नेमका कोणता मजकूर गेला होता, यातलं काहीच फोल्डर सांगू शकत नाही. व्हर्जन कंट्रोल, म्हणजे फायलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ते सांगतं. अडचण एवढीच की ही बहुतेक सॉफ्टवेअरं प्रोग्रामरांनी प्रोग्रामरांसाठी बनवली आहेत. डेव्हलपर वापरतात तेच आपणही घ्यावं, हा सल्ला बऱ्याचदा बरोबर निघतो. पण तो का बरोबर आहे हे तपासलं नाही, तर सहा महिन्यांनी लेखक पुन्हा ईमेलवर फायली पाठवायला लागतात.

पुढच्या पायऱ्या व्हर्जन कंट्रोल कधीच न वापरलेल्या लेखकासाठी किंवा त्याच्या गटप्रमुखासाठी आहेत. सॉफ्टवेअरचं नाव चौथ्या पायरीआधी चर्चेत येऊ देऊ नका. एकदा नाव आलं की पक्ष पडतात.

पायरी १: रोज बदलणाऱ्या फायली कोणत्या, ते पाहा

प्रकल्पाचा फोल्डर उघडा आणि फायलींचे दोन ढीग करा. एक, साध्या मजकुराच्या: मार्कडाउन, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, ॲस्कीडॉक, एचटीएमएल, डीआयटीए किंवा डॉकबुक या तांत्रिक लेखनाच्या साच्यांतल्या एक्सएमएल फायली. एसव्हीजी आकृत्याही यातच, कारण आतून तो मजकूरच असतो. दोन, बायनरी, म्हणजे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता न येणाऱ्या: वर्ड, फ्रेममेकर, इनडिझाइन, फोटोशॉप, स्क्रीनशॉट, व्हिडिओ.

ही वाटणी महत्त्वाची आहे, कारण व्हर्जन कंट्रोलची खरी कमाई दोन गोष्टींत असते: डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांमधला फरक, आणि मर्ज, म्हणजे दोघांनी वेगवेगळे केलेले बदल एकत्र आणणं. ही दोन्ही कामं ओळींच्या हिशेबाने चालतात. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे झिप करून ठेवलेल्या एक्सएमएल फायलींचा संच. तिच्यात एक स्वल्पविराम हलवला तरी सॉफ्टवेअर सांगतं, 'फाइल बदलली'. कुठे बदलली, ते सांगत नाही. गिट या व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये (त्याच्याबद्दल पायरी ४ मध्ये) यावर एक तोडगा आहे: वर्डची फाइल दाखवताना ती आधी पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या साधनातून साध्या मजकुरात उतरवून फरक दाखव, अशी सूचना देता येते. त्याने डिफ वाचता येतो, मर्ज मात्र होत नाही. दोघांनी एकाच वेळी तीच फाइल बदलली तर एकाचं काम हाताने पुन्हा करावं लागतंच.

फायलींची संख्या मोजू नका, बदलांची मोजा. फोल्डरमध्ये हजार स्क्रीनशॉट असतील, पण ते वर्षातून एकदा बदलत असतील आणि रोजची झटापट पन्नास मार्कडाउन फायलींशी असेल, तर तुमचा प्रकल्प मजकुराचा आहे. उलट, चारच इनडिझाइन फायली असतील आणि सगळे जण दिवसभर त्यांच्यातच असतील, तर तो बायनरी प्रकल्प आहे.

पायरी २: कोण लिहितं, कोण तपासतं

लेखकांची यादी सोपी असते. तपासणाऱ्यांची यादी करताना माणसं विसरली जातात: डेव्हलपर, सपोर्टवाले, कायदेशीर मजकूर पाहणारे, भाषांतरकार, कधीकधी ग्राहकाकडचा कोणीतरी. यातल्या किती जणांना ब्राउझरपलीकडे काही उघडायचं नाही, ते विचारून घ्या. वर्षातून दोनदा तपासायला येणाऱ्या माणसाला कमांड शिकवणं हा वेळेचा अपव्यय आहे. त्याला वेबपेजवर 'एडिट' बटण मिळायला हवं.

आणखी दोन प्रश्न. पहिला, एकाच फाइलवर दोघे एका वेळी काम करतात का? दुसरा, कोणाला प्रकल्पाचा ठरावीक भागच दिसायला हवा का? बाहेरच्या कंत्राटी लेखकाला एकच प्रॉडक्ट दाखवायचं असेल, तर सबव्हर्जन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरनिहाय वाचण्याची परवानगी लावता येते. गिटमध्ये वाचायची परवानगी सगळ्या रिपॉझिटरीला, म्हणजे प्रकल्पाच्या फायली आणि त्यांचा इतिहास यांच्या साठ्याला, मिळून असते. लपवायचं ते वेगळ्या रिपॉझिटरीत न्यावं लागतं. हा फरक उशिरा कळला की सगळी मांडणी उलथते, म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

पायरी ३: एकाच वेळी किती आवृत्त्या जिवंत आहेत

प्रॉडक्ट वेबवर चालत असेल आणि सगळ्यांना कायम ताजीच आवृत्ती मिळत असेल, तर मॅन्युअलही एकच. मग ब्रँचचा, म्हणजे मजकुराच्या समांतर चालणाऱ्या वेगळ्या शाखेचा, उपयोग थोडक्या वेळापुरता: मसुदा तयार करायचा, तपासून घ्यायचा, मुख्य ब्रँचमध्ये मिसळायचा. पण ग्राहकांकडे ३.२, ४.० आणि ४.१ या तिन्ही आवृत्त्या चालू असतील, तर ४.१ मध्ये सापडलेली चूक मागच्या दोन्हींतही दुरुस्त करावी लागते. अशा ठिकाणी ब्रँच काढणं आणि एक बदल उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावणं सोपं नसेल, तर ते सॉफ्टवेअर बाद समजा. रीड द डॉक्स आणि अँटोरासारखी साधनं ब्रँच आणि टॅग (इतिहासातल्या एका टप्प्याला दिलेलं नाव) पाहूनच संकेतस्थळावरच्या आवृत्त्यांची यादी बनवतात.

नवे गट इथे एक मोठी गफलत करतात. 'स्टँडर्ड' आणि 'प्रो' मॉडेलसाठी दोन ब्रँच, ॲडमिन आणि साध्या वापरकर्त्यासाठी आणखी दोन, मराठी आणि हिंदीसाठी आणखी. मग एक वाक्य बदललं की ते सहा ठिकाणी फिरवत बसायचं. ब्रँच काळासाठी असते: ही ४.० ची, ही ४.१ ची. मॉडेल आणि वाचक यांच्यातला फरक मजकुराच्या आत, अटींनी किंवा सामायिक तुकडे जोडून सोडवायचा असतो. भाषांतरं वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. ज्या ब्रँच कधीच एकत्र येणार नाहीत, त्या काढण्याआधी दोनदा विचार करा.

याच पायरीवर आणखी एक ठरवून टाका: मॅन्युअल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवायचं की स्वतंत्र? दोन्ही पद्धती मोठ्या प्रकल्पांत चालतात. लिनक्स कर्नलचं आणि पायथनचं दस्तऐवजीकरण कोडबरोबरच राहतं. कुबरनेटीसचं वेगळ्या रिपॉझिटरीत आहे. मजकूर कोडबरोबर असला तर फीचर आणि त्याचं वर्णन एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून मुख्य ब्रँचमध्ये घेण्याची विनंती) येतं, आणि 'डॉक्युमेंटेशन नंतर बघू' म्हणायला जागा कमी उरते. पण टायपोची एक दुरुस्ती करायला कोडच्या सगळ्या चाचण्या चालून संपेपर्यंत थांबावं लागत असेल, तर लेखक वैतागतात. माझं मत असं: एपीआयचा संदर्भ भाग कोडजवळ ठेवा, आणि वापरकर्त्याच्या गाइड्स लेखकांच्या वेळापत्रकाने प्रकाशित होत असतील तर त्या वेगळ्या काढा.

पायरी ४: आता नावं

गिट. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलसाठी लिहिलं. प्रत्येकाच्या मशीनवर प्रकल्पाचा पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे नेटवर्क नसतानाही कमिट करता येतं (म्हणजे बदलाची इतिहासात नोंद करता येते), जुनं काही शोधता येतं, ब्रँच काढता येते. ब्रँच आणि मर्ज हा त्याचा हातखंडा. शिवाय स्फिंक्स, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस, ह्यूगो अशा, मजकुरापासून संकेतस्थळ बनवणाऱ्या साधनांभोवतीच्या प्रकाशनाच्या सोयी मुख्यतः गिट गृहीत धरूनच केलेल्या असतात. रोजचे बदल मजकुराचे असतील, तर गिट घ्या आणि या पायरीवर जास्त वेळ घालवू नका.

त्याचं दुखणं मोठ्या बायनरी फायलींत आहे. ८० एमबीचा व्हिडिओ पाच वेळा बदलला, तर ते पाचही व्हिडिओ प्रत्येकाच्या क्लोनमध्ये (रिपॉझिटरीच्या त्याच्या मशीनवरच्या प्रतीत) कायमचे बसतात. फाइल डिलीट केली तरी इतिहासातून जात नाही. गिटहब ही गिटच्या रिपॉझिटरी ठेवणारी सेवा ५० एमबीच्या वरच्या फाइलवर इशारा देतं आणि १०० एमबीच्या वरची घेतच नाही. गिट एलएफएस या जोडसाधनाने मोठी फाइल बाजूला ठेवून रिपॉझिटरीत फक्त तिचा पत्ता ठेवता येतो, फाइल लॉकही करता येते. चालतं चांगलं, पण एका जरी माणसाच्या मशीनवर एलएफएस बसवायचं राहिलं, तर त्याला चित्राच्या जागी तीन ओळींचा मजकूर दिसतो आणि तो तुम्हाला फोन करतो.

सबव्हर्जन. काम २००० साली कोलॅबनेटने सुरू केलं, आज ते अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प आहे. इथे सगळा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असतो आणि तुमच्याकडे फक्त चालू प्रत. लेखकांना समजावायला हे सोपं जातं: अपडेट करा, लिहा, कमिट करा. संपूर्ण रिपॉझिटरीसाठी चढत्या क्रमाचा एकच रिव्हिजन क्रमांक असतो, तो पानाच्या तळाशीही छापता येतो. गिट मात्र प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरी ओळखचिन्ह (हॅश) देतं, त्यात चढता क्रम नसतो. सर्वांत उपयोगी म्हणजे लॉकची सोय. फाइलवर 'नीड्स-लॉक' हा गुणधर्म लावला, की लॉक घेईपर्यंत ती प्रत्येकाकडे फक्त वाचण्यापुरती उघडते. इनडिझाइनच्या फाइलवर दोघांनी दिवसभर काम करून संध्याकाळी डोक्याला हात लावण्याचा प्रसंग यामुळे टळतो. टॉर्टॉइज-एसव्हीएन या साधनामुळे विंडोजवर सगळं राइट-क्लिकमधून होतं.

उणिवाही स्पष्ट आहेत. सर्व्हरशी संपर्क नसेल तर कमिट नाही. जास्त काळ चाललेल्या ब्रँच परत मिसळणं कटकटीचं. आणि वारा दुसरीकडे वाहतो आहे: फ्रीबीएसडीने आपली दस्तऐवजांची रिपॉझिटरी २०२० च्या अखेरीस सबव्हर्जनमधून गिटमध्ये नेली, आणि गिटहबने सबव्हर्जन क्लायंटसाठी ठेवलेली सोय २०२४ मध्ये बंद केली. तरीही बायनरी फायली जास्त, लेखक थोडे आणि सगळे एकाच नेटवर्कवर असतील, तर सबव्हर्जन निवडण्यात लाजण्यासारखं काही नाही.

परफोर्स हे व्यावसायिक सॉफ्टवेअर प्रचंड मोठ्या बायनरी फायलींसाठी ओळखलं जातं; गेम बनवणाऱ्या कंपन्यांत सर्रास असतं. तुमच्या कंपनीत ते आधीपासून असेल आणि चालवायला माणूस असेल तर वापरा. फक्त मॅन्युअलसाठी विकत घेऊ नका.

मर्क्युरियल गिटच्याच वर्षी, २००५ मध्ये आलं. कमांड गिटपेक्षा सुटसुटीत, तरीही नव्या प्रकल्पासाठी त्याची शिफारस करणार नाही: बिटबकेट या होस्टिंग सेवेने २०२० मध्ये त्याचा आधार काढून घेतला, पायथन त्याआधीच २०१७ मध्ये गिटवर गेलं होतं. चांगलं सॉफ्टवेअर, पण आजूबाजूची वस्ती उठत चालली आहे. सीव्हीएस या जुन्या सॉफ्टवेअरचं नाव कुठल्या जुन्या लेखात दिसलं तर पान उलटा.

विकीवाले विचारतील, 'आमच्या विकीत पानाचा इतिहास आहेच की.' तो एका पानाचा असतो. 'मागच्या रिलीजच्या दिवशी ही सगळी तीनशे पानं एकत्र कशी होती' याचं उत्तर सहसा त्यातून निघत नाही. ज्यांचं सगळं काम डीआयटीएमध्ये आहे आणि भाषांतरं अनेक भाषांत आहेत, त्यांनी मात्र कंपोनंट कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमही (मजकूर छोट्या तुकड्यांत सांभाळणारी यंत्रणा) पाहावी. तिथे आवृत्त्यांचा हिशेब सिस्टिमच ठेवते. खर्च आणि शिकण्याचा काळ दोन्ही मोठे असतात.

पहिल्या पायरीत वर्डच्या फायली भरपूर निघाल्या आणि तरीही गिट हवं असेल, तर आधी फॉरमॅट बदला. वर्डमधून मार्कडाउनवर जा, लेखकांचा हात बसू द्या, मग व्हर्जन कंट्रोल आणा. दोन्ही एकाच महिन्यात केलंत, तर नव्या फॉरमॅटचा राग गिटवर निघेल.

पायरी ५: होस्टिंग वेगळं निवडा

गिट म्हणजे गिटहब नव्हे. गिट हे सॉफ्टवेअर. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट या त्याच्याभोवती तपासणी, परवानग्या आणि चर्चा पुरवणाऱ्या सेवा. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर गिटलॅब बसवता येतं, हलकं हवं असेल तर गिटी.

लेखकांच्या दृष्टीने इथे पाहायच्या गोष्टी वेगळ्या असतात. ब्राउझरमध्ये फाइल बदलून तिथूनच पुल रिक्वेस्ट पाठवता येते का? तपासणाऱ्याला 'हे वाक्य असं करा' ही सूचना थेट बदल म्हणून देता येते का, जी लेखक एका क्लिकमध्ये स्वीकारू शकेल? पुल रिक्वेस्ट आल्यावर तयार पानाचा प्रिव्ह्यू आपोआप बनवता येतो का? हा शेवटचा मुद्दा मी सगळ्यांत वर ठेवीन. कोड वाचणाऱ्याला कच्ची फाइल पुरते, पण तक्ता मोडला आहे की नाही ते तयार पान पाहूनच कळतं. बदललेली चित्रं शेजारी शेजारी दिसण्याची सोयही पाहा. गिटहबवर जुनं आणि नवं चित्र एकमेकांवर सरकवून तुलना करता येते. किंमत काढताना फक्त लेखक मोजू नका. दर माणशी आकार असेल तर दुसऱ्या पायरीतली तपासणाऱ्यांची यादी इथे बाहेर काढा.

पायरी ६: खऱ्या मजकुरावर चाचणी

दोन उमेदवार उरले, की खऱ्या मॅन्युअलचं एक प्रकरण घ्या (नमुना मजकूर नको, त्यात काहीच बिघडत नाही) आणि गटातल्या तंत्राची सर्वांत कमी सवय असलेल्या लेखकाला बसवा. बाकीच्यांनी हात बांधून पाहायचं. कामं अशी द्या:

- दोघांनी एकच परिच्छेद बदलायचा आणि होणारा कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) सोडवायचा.
- ताज्या आवृत्तीतली एक दुरुस्ती जुन्या रिलीजच्या ब्रँचवर न्यायची.
- एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून तिचा जुना इतिहास शोधायचा.
- वीसेक स्क्रीनशॉट एकदम बदलायचे.
- चुकून केलेला कमिट मागे घ्यायचा.
- बाहेरच्या तपासणाऱ्याने फक्त ब्राउझरमधून एक टायपो दुरुस्त करायचा.

तिसऱ्या कामात गिट नवख्यांना चकवतं. फाइल हलवल्याची नोंद गिट करत नाही. दोन फायलींचा मजकूर किती जुळतो यावरून ते अंदाज बांधतं. फाइल हलवून त्याच कमिटमध्ये अर्धीअधिक पुन्हा लिहिली, तर गिटला एक फाइल गेलेली आणि दुसरी नवी आलेली दिसते, आणि इतिहासाचा धागा तुटतो. म्हणून आधी फक्त हलवा, कमिट करा, मग लिहायला घ्या.

चाचणीत डिफ वाचता येत नसेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी लिहायची पद्धत बदलून पाहा. अख्खा परिच्छेद एका लांब ओळीत असेल, तर त्यातला एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. मार्कडाउन किंवा ॲस्कीडॉकमध्ये दर वाक्य नव्या ओळीवर लिहा. तयार पानावर त्याने काही बिघडत नाही, कारण रिकामी ओळ आल्याशिवाय नवा परिच्छेद सुरू होत नाही. तपासणाऱ्याला मात्र नेमकं बदललेलं वाक्य दिसतं. जुना मजकूर असाच लांब ओळींत असेल तर गिटच्या 'वर्ड-डिफ' पर्यायाने शब्दागणिक फरक पाहता येतो.

असाच गोंधळ एक्सएमएल एडिटर घालतात. एकाचा एडिटर दोन स्पेसने इंडेंट करतो, दुसऱ्याचा टॅबने. फाइल सेव्ह केली की प्रत्येक ओळ बदललेली. सगळ्यांची फॉरमॅटिंगची सेटिंग एक करा. विंडोज आणि लिनक्स यांची ओळ संपवायची चिन्हं वेगळी असतात, तो प्रश्न गिटॲट्रिब्युट्स फाइलने, आणि सबव्हर्जनमध्ये 'ईओएल-स्टाइल' गुणधर्माने, पहिल्याच दिवशी मिटवा. फायलींची नावं लहान (स्मॉल) रोमन अक्षरांत आणि हायफनने जोडलेली ठेवा. नावात फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक असेल, तर विंडोजवर त्या दोन फायली एकत्र नांदत नाहीत. देवनागरी नावं ठेवायचीच असतील, तर गिट ती तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दाखवतं. 'कोटपाथ' सेटिंग बंद केली की नीट दिसतात.

पायरी ७: ठरलं, आता मांडणी

तयार झालेल्या एचटीएमएल आणि पीडीएफ फायली रिपॉझिटरीत टाकू नका. त्या स्रोतावरून पुन्हा बनतात. दर रिलीजला टॅग लावा. ग्राहकाला प्रत्यक्ष पाठवलेली पीडीएफ मात्र त्या रिलीजसोबत वेगळी जपून ठेवा, कारण दोन वर्षांनी त्याच टॅगवरून बनवलेली पीडीएफ नव्या साधनांमुळे हुबेहूब तशीच येईल याची खात्री नसते.

मुख्य ब्रँच संरक्षित करा, म्हणजे तपासणीशिवाय तिच्यात काही शिरणार नाही. कोणत्या फोल्डरला कोणाची मान्यता लागते ते गिटहब किंवा गिटलॅबवर कोडओनर्स फाइलमध्ये लिहिता येतं. कमिटच्या संदेशात काय बदललं ते डिफ सांगतंच; का बदललं ते लिहा, तिकीट क्रमांकासकट.

उदाहरणांत खरे पासवर्ड किंवा एपीआय की येऊ देऊ नका. आल्याच, तर फाइल दुरुस्त करून भागत नाही, जुना कमिट तसाच असतो. आधी तो पासवर्ड बदला. मग गिट फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास साफ करा, आणि त्यानंतर सगळ्यांना नव्याने क्लोन करायला लावा, नाहीतर कोणाच्या तरी जुन्या क्लोनमधून तो परत येतो.

सबव्हर्जनमधून गिटकडे जाणार असाल, तर इतिहासासकट नेता येतं. इतिहासात खरी नावं दिसायला हवी असतील, तर गिट-एसव्हीएन या साधनाला जुन्या युजरनेमसमोर नाव आणि ईमेल लिहिलेली यादी द्यावी लागते. नोकरी सोडून गेलेल्यांचीही, आणि ती गोळा करण्यातच बराच वेळ जातो. गट लहान असेल तर दुसरा मार्ग सोपा: सध्या चालू असलेल्या आवृत्त्या तेवढ्या नव्या रिपॉझिटरीत आणायच्या आणि जुना सर्व्हर फक्त वाचण्यासाठी चालू ठेवायचा. कुठल्या तारखेपासून जुन्या जागी कमिट बंद, ते सगळ्यांना आधी कळवा आणि त्या दिवशी लिहिण्याची परवानगी खरोखर काढून घ्या. नुसती सूचना दिली, तर कोणीतरी सवयीने जुन्याच ठिकाणी कमिट करत राहतं.